उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. घरामागचा उकिरडा तसाच राहू दिला तर काही वर्षांनी त्याचं खत होतं, कुणीतरी ते शेतात नेतं, आणि ज्या जागेकडे नाक दाबून पाहिलं जात होतं तिची किंमत होते. गावच्या उकिरड्याबाबत ही म्हण खरी होती. शहराच्या उकिरड्याचं काय?

गेली पन्नास वर्षं जगभरचे अभियंते, महापालिका, बँका आणि सरकारं या प्रश्नाला एक उत्तर देत आहेत. कचऱ्याच्या डोंगरात मिथेन तयार होतो, मिथेन जळतो, म्हणजे डोंगरात वीज आणि उष्णता आहे. नळ्या घाला, वायू ओढा, इंजिनाला द्या, वीज विका. ऐकायला इतकं सरळ आहे की हे सगळीकडे का होत नाही, असा प्रश्न पडावा. त्याचं उत्तर रसायनशास्त्रात कमी आणि हिशेबाच्या वहीत जास्त सापडतं. या वायूचा इतिहास मुळात 'पैसे कोण देणार' या प्रश्नाचा इतिहास आहे.

माटुंगा, १८९७

कुजण्यातून निघणारा वायू कामाला लावायची कल्पना कॅलिफोर्नियाची नाही. इंग्लंडमधल्या एक्झेटर शहरात १८९५ च्या सुमारास डोनाल्ड कॅमेरॉन या अभियंत्याने मैलापाण्यासाठी बंद टाकी बांधली, तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिलं आणि तिच्यातल्या वायूवर काही दिवे लावले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ साली, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यापासून निघणारा वायू गोळा करून दिव्यांसाठी वापरायची सोय झाली. १९०७ मध्ये याच वायूवर एक इंजिनही चाललं. म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये सुरू झालेला हा आश्रम पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला. बायोगॅसच्या जागतिक इतिहासात माटुंग्याचं नाव हटकून येतं. आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नसतं.

माटुंग्याला हे जमलं याचं कारण टाकी. टाकी बंद असते. आत काय जातं ते माहीत असतं, हवा शिरत नाही आणि वायूला बाहेर पडायला एकच वाट असते. डम्पिंग ग्राउंडचं सगळं याच्या उलट. आत भाजीपाला, चिंध्या, प्लास्टिक, राडारोडा, मेलेली जनावरं असं काहीही असतं. वरून पाऊस, खालून झिरपा, चहूबाजूंनी भेगा. कचऱ्याचे थर दबले आणि आतला प्राणवायू संपला की जिवाणू आपलं काम सुरू करतात. निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि जवळपास उरलेला निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो, शिवाय हायड्रोजन सल्फाइड आणि सौंदर्यप्रसाधनांतून, शाम्पूंतून आलेली सिलोक्झेन नावाची संयुगं. ही सिलोक्झेन इंजिनात जळली की त्यांची वाळू होते आणि ती सिलिंडरला घासते. म्हणजे हा नैसर्गिक वायूच, पण निम्म्या ताकदीचा, ओला आणि खरकटा. खाणीतला वायू लाखो वर्षं वाट पाहत पडून राहतो. हा वायू आज पकडला नाही तर उद्या हवेत गेलेला असतो.

तेल महागलं तेव्हा

१९७३ पर्यंत अमेरिकेत या वायूकडे कुणी संपत्ती म्हणून पाहिलं नव्हतं. तो एक उपद्रव होता. शेजारच्या तळघरात शिरतो, झाडं मारतो, कधी पेट घेतो. मग अरब देशांनी तेल रोखलं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. लॉस एंजेलिसजवळच्या पालोस व्हर्डेस इथल्या क्षेपणभूमीवर १९७५ मध्ये वायू ओढून, कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून, घरगुती गॅसच्या वाहिनीत सोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. व्यापारी तत्त्वावरचा हा पहिला प्रयोग मानला जातो. म्हणजे सुरुवात विजेपासून झालीच नव्हती. वायू शुद्ध करून वायू म्हणूनच विकायचा, अशी ती कल्पना होती. न्यू यॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरच्या फ्रेश किल्स या अवाढव्य क्षेपणभूमीवरही १९८० च्या दशकात हेच सुरू झालं.

पुढे तेल स्वस्त झालं. शुद्धीकरणाचा खर्च काही उतरेना. धंदा तिथेच बसायचा, पण अमेरिकी काँग्रेसचे दोन कायदे मदतीला आले. १९७८ च्या कायद्याने वीज कंपन्यांवर सक्ती केली की लहान स्वतंत्र उत्पादकांची वीज घ्यायचीच, आणि ती स्वतः तयार न केल्यामुळे जो खर्च वाचला तो दर त्यांना द्यायचा. त्याआधी क्षेपणभूमीवर वीज केली तरी ती विकायची कुणाला, हाच प्रश्न होता. दुसरा कायदा १९८० चा. अपारंपरिक इंधनातून जितकी उष्णता मिळेल तिचं तेलाच्या पिंपात रूपांतर करायचं आणि दर पिंपामागे त्या वेळच्या हिशेबाने तीन डॉलर करसवलत द्यायची. ही सवलत मिळण्यासाठी १९९८ च्या मध्यापर्यंत प्रकल्प चालू होणं आवश्यक होतं, आणि ती २००७ अखेर संपली. या दोन कायद्यांच्या आधाराने अमेरिकेत शेकडो प्रकल्प उभे राहिले. लॉस एंजेलिसजवळच्याच प्युएन्टे हिल्स क्षेपणभूमीवर तर पन्नास मेगावॅटच्या आसपासचं वीजकेंद्र चाललं. एका काळी दिवसाला तेरा हजार टन कचरा गिळणारा हा डोंगर २०१३ मध्ये बंद झाला, पण वायू देतच राहिला.

कागदावरचा एक मेगावॅट

इथे जरा हिशेबच मांडू. एक घनमीटर शुद्ध मिथेनमध्ये सुमारे दहा युनिट उष्णता असते. क्षेपणभूमीतला वायू निम्मा मिथेन, म्हणून पाच युनिट. चांगलं इंजिन त्यातला ३८ टक्के भाग विजेत बदलतं, म्हणजे हातात येतात १.९ युनिट. एक मेगावॅटचा संच चालवायचा तर ताशी सव्वापाचशे घनमीटर वायू अखंड लागतो. वर्षात आठ हजार तास संच चालला तर ऐंशी लाख युनिट मिळतात.

आता नमुन्यादाखल धरू की संचाला, वायू वाळवण्या-गाळण्याला आणि तारा जोडायला वीस लाख डॉलर लागले, आणि देखभालीला युनिटमागे अडीच सेंट. वीज सहा सेंटने विकली तर वर्षाला दोन लाख ऐंशी हजार डॉलर उरतात. व्याज सोडलं तर सात वर्षांत भांडवल परत. पण दर तीन सेंटवर आला तर उरतात फक्त चाळीस हजार, आणि भांडवल फिटायला पन्नास वर्षं लागतात. तोवर वायूही नसतो आणि इंजिनही नसतं. दराच्या या तीन सेंटांत सगळा इतिहास मावतो. बाजारभावाने मिळतात ते खालचे तीन सेंट. वरचे तीन कुणीतरी द्यावे लागतात.

या हिशेबात एक गोष्ट मुद्दाम धरलेली नाही. विहिरी खणणं, नळ्या टाकणं, वर मातीचं आणि प्लास्टिकच्या चादरीचं आच्छादन घालणं, ओढणीचे पंप बसवणं. हा खर्च वीज विकून निघणं कठीण असतं. तो कुणी करायचा याचं उत्तर एका अपघाताने दिलं.

लॉस्को

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातलं लॉस्को हे छोटं गाव. वीटभट्टीसाठी माती काढून उरलेल्या खड्ड्यात तिथे वर्षानुवर्षं कचरा टाकला जात होता. खड्डा भरल्यावर वर चिकणमातीचा थर घातला. वायूची वरची वाट बंद झाली, म्हणून तो खडकाच्या फटींतून आडवा सरकू लागला. २४ मार्च १९८६ च्या आदल्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरला. जमिनीतला वायू बाहेर खेचला जाऊन जवळच्या एका बंगलीच्या जमिनीखाली साठला आणि पहाटे घर गरम करणारं यंत्र सुरू होताच स्फोट झाला. घर भुईसपाट झालं, आतली तीन माणसं गंभीर जखमी झाली. मृत्यू झाला नाही हे नशीब.

लॉस्कोच्या चौकशीनंतर ब्रिटनमध्ये एक गोष्ट ठरून गेली, की वायू काढणं हा ज्याने कचरा पुरला त्याच्या जबाबदारीचा भाग आहे. अमेरिकेत हेच काम १९९६ च्या नियमाने केलं. पंचवीस लाख टनांहून अधिक क्षमतेच्या आणि ठरावीक मर्यादेपलीकडे प्रदूषक सोडणाऱ्या क्षेपणभूमींना वायू गोळा करून जाळणं बंधनकारक झालं. एकदा विहिरी आणि नळ्या सक्तीने आल्या की त्यांचा खर्च वीजप्रकल्पाच्या वहीतून निघून कचरा टाकण्याच्या शुल्कात जातो. मग प्रश्न एवढाच उरतो, की वायू नुसता जाळायचा की जाळता जाळता त्यातून काही मिळवायचं. या प्रश्नाचं उत्तर सोपं असतं. या उद्योगाला खरं अनुदान मिळालं ते सुरक्षेच्या कायद्याकडून, आणि ते अनुदान म्हणून कुठेच नोंदलेलं नाही.

ब्रिटनने पुढचं पाऊल टाकलं. १९९० पासून अणुऊर्जेला टेकू द्यायला म्हणून आखलेल्या योजनेत अपारंपरिक विजेलाही जागा मिळाली आणि ठरावीक दराचे करार लिलावाने दिले गेले. क्षेपणभूमीच्या वायूचा पहिल्या दोन फेऱ्यांतला दर युनिटला सहा पेन्सच्या आसपास होता. १९९४ च्या तिसऱ्या फेरीत तो ३.८ पेन्सच्या जवळ आला, १९९७ मध्ये ३ पेन्स, आणि १९९८ च्या पाचव्या फेरीत २.७ पेन्स. पवनचक्क्यांपेक्षाही स्वस्त. सरकारी पाठबळाने एखादं तंत्र स्वावलंबी होतं याचं उदाहरण म्हणून हा उतरता आलेख पुढे अनेकदा दाखवला गेला.

आणि नेमक्या याच काळात ब्रिटन आपल्या पायाखालची जमीन काढून घेत होता. ऑक्टोबर १९९६ मध्ये कचरा पुरण्यावर टनाला सात पौंडांचा कर आला. २०१४ पर्यंत तो ऐंशी पौंडांवर गेला. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशाने कुजणारा कचरा पुरणं टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं. जर्मनीने १ जून २००५ पासून प्रक्रिया न केलेला कचरा पुरणं थांबवलंच. नवा कुजणारा कचरा नाही म्हणजे नवा वायू नाही. ब्रिटनमधली या वायूची वीज २०११ च्या सुमारास वर्षाला पाच अब्ज युनिटांच्या वर पोचली आणि नंतर उतरू लागली. ही घसरण अपयशाची नव्हती. कचरा सुधारला म्हणून वायू आटला. शहाण्या धोरणामुळे जो बुडतो तोच हा धंदा.

उष्णतेला शेजारी लागतो

इंजिनातून ३८ टक्के वीज होते तेव्हा तेवढीच किंवा थोडी जास्त उष्णता गरम पाण्याच्या आणि धुराच्या रूपाने मिळू शकते. दोन्ही वापरलं तर इंधनातलं ऐंशी टक्के सार्थकी लागतं. वीज नळीतल्या पाण्यासारखी कुठेही जाते, उष्णता मात्र चार पावलांवर थंड होते. तिला शेजारी लागतो, आणि डम्पिंग ग्राउंडला शेजारी नको असतात. क्षेपणभूमी गावाबाहेर नेण्याचं सगळं शास्त्र या उष्णतेच्या अर्थकारणाच्या विरुद्ध जातं.

म्हणून जिथे हे जमलं तिथे काहीतरी जुळून आलेलं दिसतं. बेडफर्डशरमधल्या स्ट्युअर्टबी इथे १९८० च्या दशकात लंडन ब्रिक कंपनीच्या भट्ट्यांना असा वायू दिला गेला. विटांसाठी माती काढून खड्डा झाला, खड्ड्यात कचरा पडला, कचऱ्याच्या वायूवर विटा भाजल्या. एवढं सुबक वर्तुळ अर्थशास्त्रात क्वचित दिसतं. अमेरिकेत साउथ कॅरोलायनामधल्या बीएमडब्ल्यू कारखान्याने २००३ मध्ये क्षेपणभूमीपासून साडेनऊ मैल, म्हणजे पंधरा किलोमीटर, वायूची वाहिनी टाकली आणि तिच्यावर वीज व उष्णता दोन्ही करू लागला. कार रंगवायला आणि वाळवायला उष्णता बाराही महिने लागते, त्यामुळे वाहिनीचा खर्च परवडला. नॉर्थ कॅरोलायनामधल्या डिल्सबरोला एका छोट्या जुन्या क्षेपणभूमीचा वायू वीज करण्याइतकाही नव्हता. तिथे २००६ पासून तो काच फुंकणाऱ्यांच्या भट्टीला, लोहारकामाला आणि हरितगृहाला दिला जाऊ लागला. वायू थोडा असेल तर वीज करायच्या भानगडीत न पडता सरळ जाळून उष्णता वापरणं केव्हाही स्वस्त पडतं. अट तीच, की वापरणारा जवळ हवा.

गोराईचा वायदा

आता आपल्याकडे येऊ, पण वाटेत ब्राझील लागतो. क्योटो कराराखाली श्रीमंत देशांनी गरीब देशांतल्या उत्सर्जन-कपातीची क्रेडिटं विकत घ्यायची, अशी व्यवस्था झाली. या व्यवस्थेत जगात सर्वांत आधी, नोव्हेंबर २००४ मध्ये नोंदला गेलेला प्रकल्प क्षेपणभूमीचाच होता, रिओजवळचा नोव्हा जेरार. साओ पावलोच्या बांदेइरांतेस क्षेपणभूमीवर वीस मेगावॅटहून मोठं वीजकेंद्र २००४ मध्येच सुरू झालं होतं. सप्टेंबर २००७ मध्ये साओ पावलो महापालिकेने आपल्या वाट्याची ८,०८,४५० क्रेडिटं जाहीर लिलावात काढली आणि ती फोर्टिस बँकेने प्रत्येकी १६.२० युरोला घेतली. एक कोटी एकतीस लाख युरो. कचऱ्याने एवढी रोख रक्कम कुठल्याच महापालिकेला दाखवली नव्हती.

त्याच वर्षी बोरिवलीजवळच्या गोराईचं डम्पिंग ग्राउंड बंद झालं. १९७२ पासून वीसेक हेक्टरांवर तिथे तेवीस लाख टनांहून अधिक कचरा साठला होता. खाडीकाठी, वस्तीला लागून. मुंबई महापालिकेने तो डोंगर शास्त्रशुद्ध बंद करायचं ठरवलं. उतार नीट केले, आच्छादन घातलं, वायूच्या विहिरी घेतल्या. पैशाचा एक भाग अभिनव होता. आशियाई विकास बँकेच्या कार्बन निधीने पुढे मिळणाऱ्या क्रेडिटांपोटी सुमारे पंचवीस कोटी रुपये आगाऊ दिले. पीक उभं राहण्याआधी व्यापाऱ्याने शेतकऱ्याला उचल द्यावी, तसा हा वायदा.

क्रेडिटांनी हिशेब कसा बदलला ते पाहण्यासारखं आहे. एक टन मिथेन इंजिनात जाळला तर सव्वापाच हजार युनिट वीज होते. चार रुपयांनी धरली तर एकवीस हजार रुपये. तोच मिथेन नुसता ज्योतीत जाळला तरी त्या काळच्या नियमाने एका टनाला एकवीस क्रेडिटं मिळायची. प्रत्येकी बारा युरो आणि युरोला साठ रुपये धरले तर पंधरा हजार. इंजिन नको, सिलोक्झेनची कटकट नको, वीज मंडळाशी करार नको. एक उंच धुराडं आणि ज्योत पुरे. गोराईला वायू जाळण्यावर भर राहिला तो याच गणितामुळे. पण क्रेडिटचा भाव २००८ मध्ये वीस युरोच्या आसपास होता, तो २०१२ अखेर एका युरोच्याही खाली घसरला. पन्नास सेंट धरले तर एक टन मिथेन जाळण्याचे सातशे रुपयेदेखील नीट येईनात.

भाव पडला हे एक. वायूही कमी आला हे दुसरं. अमेरिकेत दहा लाख टन कचऱ्यामागे साधारण पाऊण मेगावॅट असा ठोकताळा वापरतात. त्याने गोराईला दीड-दोन मेगावॅटचा वायू निघायला हवा. प्रत्यक्षात अपेक्षेपेक्षा कमी वायू निघाला आणि क्रेडिटंही कमी मिळाली. याला कुणाची लबाडी कारण नव्हती. कारण आपल्या कचऱ्यात आहे. अमेरिकी डोंगरात कागद, पुठ्ठा, लाकूड असतं. ते सावकाश कुजतं आणि वीस-तीस वर्षं वायू देत राहतं. आपल्याकडे कागद-पुठ्ठा भंगारवाल्याकडे आणि कचरावेचकांच्या पोत्यात आधीच गेलेला असतो. उरतो भाजीपाला, शिळं अन्न, नारळाच्या करवंट्या, आणि रस्ता झाडून आणलेली माती. अन्न उष्ण दमट हवेत काही वर्षांतच कुजून मोकळं होतं. डोंगर उघडा असताना वायू हवेत जातो, आगीत जळतो. पावसाळ्यात विहिरींमध्ये पाणी भरतं आणि वायूची वाट अडते. चाळीस वर्षं उघडं ठेवायचं आणि बंद करताना नळी घालायची, म्हणजे दूध उतू गेल्यावर पातेल्यावर झाकण ठेवण्यासारखं. आपल्या उकिरड्याचे पांग फिटायला बारा वर्षं लागत नाहीत. ते आधीच हवेत फिटलेले असतात.

यात आणखी एक विसंगती होती. घनकचऱ्याच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांत क्षेपणभूमीवर वायू गोळा करण्याची व्यवस्था हवी, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. कायद्याने जे करायलाच हवं त्याचं क्रेडिट मागता येत नाही. पण कायदा पाळलाच जात नसेल तर मागता येतं. अंमलबजावणीचा अभाव हेच कार्बन बाजारात आपलं भांडवल ठरलं. लॉस्कोनंतर ब्रिटनमध्ये सक्तीने जे काम केलं, ते आपल्याकडे बक्षिसाच्या आशेवर सोडलं गेलं. बक्षीस आटलं तेव्हा सक्तीही नव्हती.

देवनार आणि आकाशातला डोळा

मुंबईचा सगळ्यात जुना डोंगर देवनारचा. १९२७ पासून कचरा घेणारा. २००० च्या दशकात अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या मदतीने देवनार, गोराई आणि पुण्याच्या उरुळी देवाची कचरा डेपोच्या वायूची पाहणी झाली, अहवाल आले. देवनारचा वायू वीज होण्याची वाट पाहत राहिला आणि २८ जानेवारी २०१६ ला डोंगर पेटला. दिवसेंदिवस धूर निघाला, नासाच्या उपग्रहांनी त्याची छायाचित्रं टिपली, महापालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा आग. त्या धुराची झळ सगळ्यात आधी गोवंडी-मानखुर्दला बसली. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत तळाला असलेला एम-पूर्व तो हाच. वायू न पकडण्याचा खर्च कुठल्याही ताळेबंदात नसतो, पण तो कुणीतरी भरतच असतं. इथे तो फुप्फुसांनी भरला.

कांजूरमार्गला तुलनेने नवी व्यवस्था आहे. झाकलेले कक्ष, बायोरिअ‍ॅक्टर पद्धत, वायू ओढून वीज. तरीही २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-अभ्यासात तिथून ताशी ९.८ टन मिथेन हवेत जात असल्याचा अंदाज आला. उपग्रहाची मोजणी काही मोजक्या क्षणांची असते, हे धरूनही आकडा दचकवणारा आहे. तेवढा सगळा मिथेन इंजिनात गेला असता तर पन्नास मेगावॅट वीज झाली असती. एक प्युएन्टे हिल्स. क्षेपणभूमीतून सगळा वायू कधीच पकडता येत नाही, हे खरं. निम्मा पकडला असता तरी पंचवीस.

आता देवनारबाबत वहीचं वेगळंच पान उघडलं आहे. २०२५ मध्ये महापालिकेने तिथला १८५ लाख टन जुना कचरा उकरून, चाळून, जागा मोकळी करण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. टनाला साधारण १,२८० रुपये. वायूतून हा खर्च कधीच निघणार नाही, आणि निघावा अशी अपेक्षाही नाही. मुंबईत कचऱ्याच्या डोंगराखालची जमीन डोंगरातल्या वायूपेक्षा कितीतरी महाग आहे. अखेर पांग फिटले ते जमिनीचे. त्या जमिनीवर उद्या कोण राहील आणि तिच्या पोटात तेव्हा काय उरलेलं असेल, हा प्रश्न लॉस्कोच्या त्या बंगलीची आठवण करून देतो. उकरणं अर्धवट राहिलं तर तो वायूही अर्धवटच राहील.

पुन्हा पालोस व्हर्डेस

अमेरिकेत या कथेने एक गमतीशीर वळण घेतलं आहे. जुलै २०१४ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने क्षेपणभूमीचा शुद्ध केलेला वायू वाहनांच्या हरित इंधनात सर्वांत मोलाच्या वर्गात बसवला. दहा लाख बीटीयू उष्णतेच्या नैसर्गिक वायूला बाजारात तीनेक डॉलर मिळत असताना, तेवढ्याच हरित वायूला जवळपास बारा प्रमाणपत्रं मिळतात. प्रमाणपत्र अडीच डॉलरला गेलं तर तीस डॉलर. वायूच्या दहापट किंमत त्याच्या कागदाला. मग वीज कोण करील? अनेक ठिकाणी इंजिनं काढून शुद्धीकरणाचे संच बसवले जात आहेत. पालोस व्हर्डेसला १९७५ मध्ये जे सुरू झालं होतं, तिथेच गाडी परत आली. तंत्र तेच, वायू तोच, फक्त वरचे तीन सेंट देणारा बदलला. आधी तेलाचा तुटवडा, मग वीजखरेदीची सक्ती, मग करसवलत, मग क्योटो, आता प्रमाणपत्र.

पन्नास वर्षांचा हा ताळेबंद पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. ज्यांनी वायूला संपत्ती मानून सुरुवात केली त्यांचे प्रकल्प भावाबरोबर वर-खाली झाले. ज्यांनी त्याला आधी धोका मानलं आणि काढणं सक्तीचं केलं, त्यांच्या हाती संपत्ती आपोआप उरली. आपण गोराईला पहिली वाट धरली. आणि जिथून ओला कचरा डोंगरावर जायच्या आधीच वेगळा निघून बंद टाकीत पडतो, तिथे डोंगराच्या वायूचा प्रश्नच येत नाही. झाकण नीट, आत काय जातं ते माहीत, वायूला एकच वाट. हे मुंबईला १८९७ मध्ये माटुंग्यात जमलं होतं, दिवे लागण्याइतपत.